घरी आलेल्या मस्टँगवरील पहिला खर्च

मोटारीच्या ब्रेकची डिस्क बिडाची असते, हे कागल पंचतारांकित एमआयडीसीतील कोणत्याही फौंड्रीवाल्यास सांगण्याची आवश्यकता नाही. करड्या बिडात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात. ते उष्णता झपाट्याने वाहून नेतात आणि कंपने शोषून घेतात. त्यामुळेच पोलाद अधिक बळकट असूनही डिस्क आणि ड्रमसाठी आजही प्रामुख्याने बीडच वापरले जाते. शेतीच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांच्या निमित्ताने कोल्हापूरच्या उद्यमनगरात रुजलेला हा ओतकामाचा व्यवसाय पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला गेला, आणि तेथून कागलच्या माळावर पोहोचला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना याच वसाहतीत उभा आहे. त्याच्या आसपास लहानमोठी मशीन शॉप आणि सुटे भाग पुरविणाऱ्या पेढ्या आहेत, आणि त्यांतील कित्येक आपल्याच समाजबांधवांच्या आहेत.

अशा वातावरणात वाढलेल्या तरुणांना यंत्राचे वेड असावे, यात नवल नाही. नवल याचे वाटते की, जी मुले वडिलांच्या कारखान्यात मोटारीचा एकेक भाग कसा घडतो ते पाहत मोठी झाली, तीच मुले स्वतःच्या शक्तिमान गाडीवर पहिला पैसा खर्च करताना डिस्क, पॅड आणि टायर विसरतात, आणि थेट इंजिनाच्या व सायलेन्सरच्या मागे लागतात. या लेखाचा विषय तोच पहिला पैसा आहे.

‘मसल कार’ हा शब्द आता आपल्या घरांतही ऐकू येतो. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवावयाचे आणि ती तरुणांच्या आवाक्यातील किमतीस विकावयाची, ही कल्पना अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. फोर्डची मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. काटेकोर जाणकार तिला ‘पोनी कार’ म्हणून वेगळ्या रकान्यात घालतात. आपण त्या वादात पडू नये. सहाव्या पिढीची मस्टँग कारखान्यातूनच उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह बाहेर पडू लागली आणि २०१६ साली भारतात अधिकृतपणे विक्रीस आली. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती, ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि दिल्लीच्या शोरूममध्ये सुमारे ६५ लाख रुपये किंमत. आपल्यापैकी अनेकांची पहिली मोटार असलेल्या मारुती ८०० च्या दहापट ही शक्ती आहे.

पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे आज आपल्याकडे येणारी मस्टँग बहुधा मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूच्या पहिल्या मालकाकडून, पाचसात वर्षे वापरून झालेली अशी येते. आपण ‘नवी गाडी घेतली’ म्हणून पेढे वाटतो. गाडी आपल्याला नवी असते. तिच्या टायरांना, ब्रेक ऑइलला आणि रबरी बुशांना ती नवी नसते.

पंचतारांकित वसाहतीत मशीन शॉप चालविणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी अशीच एक मस्टँग आणली. स्नेह्यांनी मुलाने तयार केलेली सुधारणांची यादी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “बँकेत प्रकल्प अहवाल तपासत होता, तशी एकदा नजर घाला.” यादी संगणकावर नीटनेटकी मांडलेली होती. प्रथम नवा एक्झॉस्ट, त्यानंतर एअर इनटेक, मग ई.सी.यू.चा रीमॅप, मग गाडी खाली बसविणाऱ्या स्प्रिंगा आणि शेवटी मोठ्या रिम्स. बेरीज सात लाखांच्या वर होती. टायर आणि ब्रेक यांचा उल्लेख कोठेही नव्हता. मी तसे विचारले, तेव्हा मुलगा प्रांजळपणे म्हणाला, “काका, आवाजच नसेल तर मस्टँग घेतली कशाला?”

त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा भरदार आवाज हा त्या गाडीच्या आनंदाचा भाग आहे, आणि स्वकष्टाच्या पैशातून घेतलेल्या वस्तूचा आनंद घेण्यात गैर काही नाही. परंतु अहवाल तपासावयाचा म्हटले की, क्रमाचा विचार प्रथम येतो. बँकेत असताना फौंड्रीच्या विस्ताराची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. अर्धा टनाच्या भट्टीऐवजी एक टनाची भट्टी हवी, असा अर्ज असे. आम्ही विचारत असू की, एवढी धातू वितळली तर ती ओतण्यासाठी मोल्डिंगची क्षमता आहे काय? फेटलिंगला माणसे आहेत काय? वीजजोडणीचा मंजूर भार पुरेल काय? नसेल, तर मोठी भट्टी उत्पादन वाढवीत नाही, रिजेक्शन वाढविते. ४०० अश्वशक्तीच्या गाडीत पहिल्याच दिवशी आणखी शक्ती भरणे हे त्या मोठ्या भट्टीसारखेच आहे. शक्ती रस्त्यावर उतरते ती टायरमधून, आणि आवरली जाते ती ब्रेकमधून. ती दोन ठिकाणे जुनी असतील, तर इंजिनावरील प्रत्येक रुपया धोकाच वाढवितो.

आम्ही दोघे उठून गाडीपाशी गेलो. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर येणाऱ्या संकेताच्या शेवटी चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. मागच्या टायरवर ३२१७ असे अंक होते, म्हणजे टायर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी मात्र छान शिल्लक होती, कारण पहिल्या मालकाने गाडी फारशी चालविलीच नव्हती. येथेच बहुतेकांची फसगत होते. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण रबर उभ्या जागीही कडक होत जाते. ओल्या रस्त्यावर पकड देते ते मऊ, जिवंत रबर; खोल नक्षीचे पण वाळलेले रबर ती देत नाही. साधारण सहा वर्षांनंतर टायरची कसून तपासणी करावी, आणि दहा वर्षांपुढे तो दिसावयास कितीही चांगला असला तरी वापरू नये, असे टायर बनविणारेच सांगतात. शक्तिमान आणि मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत मी सहा वर्षांनाच थांबेन.

नवे टायर घेताना कंपनीने सांगितलेल्याच मापाचे घ्यावेत. टायरवरील शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००. आपण त्या वेगाने जाणार नसलो, तरी गाडीला मूळ जे अक्षर दिलेले आहे त्याखाली उतरू नये, कारण ते अक्षर टायरची उष्णता सोसण्याची शक्तीही दाखविते. चारही टायर एकाच बनावटीचे असावेत. या मापाच्या चांगल्या चार टायरांचा खर्च लाखाच्या घरात जातो, आणि दुकानात ती रक्कम ऐकून पुष्कळजण ‘मागचे दोनच टाका’ म्हणतात. सात लाखांची यादी खिशात असताना ही काटकसर करणे मला चमत्कारिक वाटते.

आता ब्रेक. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण आकडा मांडून पाहिल्याशिवाय ते अंगी लागत नाही. चालकासह गाडीचे वजन १,८०० किलो धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबताना सुमारे ६९५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. खोलीच्या तापमानाचे सव्वादोन लिटर पाणी उकळीला आणण्यास एवढी उष्णता पुरते. ताशी १४० वरून थांबावयाचे, तर हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. साडेचार लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता चार डिस्कमध्ये काही सेकंदांत शिरते. आणि हे एकदा थांबण्याचे. आंबोली, फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटातून गोव्याकडे उतरताना ब्रेक वळणावळणाला लागतो, आणि मधल्या वेळात डिस्कला थंड होण्यास उसंत मिळत नाही.

या उष्णतेचा पहिला बळी ब्रेक ऑइल असतो. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट-५.१ साठी २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळाशी जातो आणि गाडी पुढे जात राहते. कोल्हापूरसारख्या दमट पावसाळ्याच्या प्रदेशात दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, असे मी आग्रहाने सांगेन. गाडीच्या पुस्तकात जी प्रत सांगितली असेल तीच भरावी. नुसते डॉट-५ हे सिलिकॉनचे वेगळेच द्रव आहे. अंक मोठा दिसतो म्हणून ते यात मिसळू नये. सर्व सुधारणांत सर्वांत स्वस्त हीच, आणि ती करून घेतल्याचे कोणी कोणाला अभिमानाने सांगत नाही.

त्यानंतर पॅड. चांगल्या रस्तावापराच्या पॅडची पकड गरम झाल्यावरही टिकून राहते. मात्र निव्वळ शर्यतीसाठीचे पॅड रोजच्या वापरास घेऊ नयेत, कारण ते गरम झाल्यावरच नीट चावतात, आणि सकाळी घरातून निघताना पहिल्या चौकात ब्रेक थंडच असतो. डिस्कची जाडी कारखान्यातील मायक्रोमीटरने मोजावी. तिच्यावरच किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. ती तेवढी असेल, तर मोठ्या रंगीत कॅलिपरच्या मागे लागण्याचे कारण नाही. सस्पेन्शनबद्दल थोडक्यातच सांगतो. जुने बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलावेत, चाकांचे अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद घ्यावा, आणि गाडी खाली बसविणाऱ्या स्प्रिंगांचा विचार सोडून द्यावा. आपल्याकडचे गतिरोधक कोणाच्या मापाने बांधलेले नाहीत.

हा सारा आग्रह कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. त्याचे उत्तर आपल्या रस्त्यांवर आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग कागलवरूनच जातो. चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरविली, आणि राज्यांना ती कमी करता येते. गळीत हंगामात शाहू कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या दोन दोन ट्रॉल्या अंधारात पुढे येतात. मागे दिवा असेलच असे नाही. ताशी १०० च्या वेगात डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंदाचा काळ धरला, तरी गाडी सुमारे ४२ मीटर पुढे गेलेली असते. वसाहतीतील आतले रस्ते रुंद, सरळ आणि सायंकाळनंतर मोकळे दिसतात, आणि तरुणांना मोह होतो तो तेथेच. पण पाळी सुटण्याच्या वेळी त्याच रस्त्यांवर आपल्याच कारखान्यांतील कामगार दुचाकीवरून, कित्येकदा तिघे तिघे, घरी निघालेले असतात. ते कागलच्या आणि हातकणंगल्याच्या आसपासच्या खेड्यांतील लोक आहेत. त्यांची नावे आपल्या हजेरीपटावर आहेत.

एवढे झाल्यावर इंजिनाकडे वळू. एअर इनटेक आणि एक्झॉस्ट यांनी आवाज बदलतो हे निश्चित; शक्तीतील वाढ मात्र, टर्बो नसलेल्या इंजिनात, खिशाच्या मानाने थोडी असते. रीमॅप करणारे आकडे सांगतात, तेव्हा एकच प्रश्न विचारावा, की हा आकडा कोणत्या पेट्रोलवर मोजला? या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो पहिल्या मस्टँगमध्ये ११ होता. इतक्या दाबाला कमी ऑक्टेनचे पेट्रोल वेळेआधी पेटते आणि इंजिन ठोकू लागते. संगणक ते ओळखून ठिणगी मागे घेतो आणि शक्ती कमी करतो. आपल्याकडे १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांतच मिळते. परदेशातील पेट्रोलवर बेतलेला रीमॅप येथे भरून उपयोग नाही. आपल्याकडे इंजिन बाहेर पाठविण्यापूर्वी डायनॅमोमीटरवर चालवून पाहतात. तीच शिस्त येथे लावावी. बदल करण्यापूर्वी एक मापन, नंतर एक, दोन्ही एकाच यंत्रावर. पहिले मापन करून न देणाऱ्याकडे गाडी सोडू नये. सुपरचार्जरने शक्ती खरोखरच पुष्कळ वाढते, पण त्याबरोबर इंधनाचा पुरवठा, शीतकरण आणि गिअरबॉक्स यांचाही खर्च ओढवतो. तो पहिला खर्च कधीच नसावा.

कायद्याची बाजू आमच्या तरुण मित्राच्या यादीत मुळीच नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने मूळ ठरविलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कर्णकर्कश सायलेन्सरसाठी कलम १९० वेगळे आहे. नव्या टायरांना, पॅडना, ब्रेक ऑइलला आणि अलाइनमेंटला यांतील काहीच लागू होत नाही, कारण त्यांनी गाडी मूळ तपशिलाकडेच परत जाते.

विम्याचे म्हणाल, तर तो परम सद्भावाचा करार आहे. जे बदल केले ते विमा कंपनीस लेखी कळविले पाहिजेत, अन्यथा दाव्याच्या वेळी तेच बोट दाखविले जाते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची घोषित किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी ती स्वतः बोलून ठरवावी; दलालाने भरलेला आकडा डोळे झाकून मान्य करू नये. टायर, बॅटरी व रबर-प्लास्टिकच्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो, हेही ध्यानात असू द्यावे. गाडीवर कर्ज असेल, तर ती बँकेकडे तारण आहे. तारणाच्या स्वरूपात बदल करावयाचा तर बँकेस विचारावे लागते. करारनाम्यातील ते कलम बारीक अक्षरांत असते, पण असते.

आपल्या व्यापारी कुटुंबांत गाडी पेढीच्या नावे घेण्याची रीत आहे. तसे केल्यास आयकरात मोटारीवर वार्षिक १५ टक्के दराने घसारा मिळू शकतो, परंतु तो व्यवसायासाठी झालेल्या वापरापुरताच. जी.एस.टी.चे इनपुट क्रेडिट मात्र अशा गाडीवर, तिच्या विम्यावर व दुरुस्तीवरही सर्वसाधारणपणे मिळत नाही. सायलेन्सरचे बिल ‘यंत्रसामग्री दुरुस्ती’ या खात्यात टाकणारे हिशोबनीस मी पाहिले आहेत. आपल्या चोपड्यांत ते नसावे.

आणि वेग खरोखरच अनुभवावयाचा असेल, तर त्यासाठी जागा आहे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही तेथे झाल्या आहेत. याच शहरातील ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या चषक स्पर्धांत गाजला आणि कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला ३ पर्यंत पोहोचला. ही मुले प्रथम छोट्या कार्टवर, नंतर मोठ्या गाडीवर बसली. कार्टची शक्ती मस्टँगच्या तुलनेत काहीच नसते, पण ब्रेक कोठे दाबावा, कोठे सोडावा आणि वळणात नजर कोठे ठेवावी, हे ती अचूक शिकविते. मोठी गाडी ट्रॅकवर न्यावयाची तर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. माझ्या मते चार दिवसांचे प्रशिक्षण हीच मस्टँगची सर्वांत मोठी सुधारणा आहे, आणि गाडी विकली तरी ती विकली जात नाही.

स्नेह्यांच्या चिरंजीवांशी अखेर तडजोड झाली. चार टायर, ब्रेक ऑइल, पुढचे पॅड आणि अलाइनमेंट एवढे ताबडतोब करावयाचे ठरले. त्यानंतर एक पावसाळा गाडी तशीच चालवावयाची, ट्रॅक्शन कंट्रोलचे बटन न दाबता. एक्झॉस्टचा विषय दिवाळीनंतर पुन्हा काढण्याचे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे, आणि तो काढणार यात मला शंका नाही. काढलेले मूळ सुटे भाग भंगारात देऊ नयेत, हेही त्याने मान्य केले. हे भाग आता बाहेरून मागवावे लागतात आणि पुढचा ग्राहक प्रथम त्यांचीच चौकशी करतो. त्याने कारखान्यातील एक लाकडी पेटी त्यासाठी रिकामी केली, प्रत्येक भागाला तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधली आणि बिलांची फाइल वडिलांच्या कपाटात ठेवली.